कडूची चव आणि मिठाची चिमूट

कॉफीत अगदी थोडे मीठ घातले की तिचा कडूपणा उतरतो. मीठ इतके कमी, की खारट काही लागत नाही. कॉफी मात्र मवाळ होते आणि साखर तेवढीच असूनही जास्त गोड वाटते. व्हिएतनाममधल्या हुए शहरात 2010 पासून खारट साय घातलेली कॉफी मिळू लागली आणि ती त्या शहराची ओळख होऊन बसली. ज्या इथिओपियातून कॉफी जगभर गेली, त्याच्या काही भागांत कॉफीत साखरेऐवजी मीठ आणि लोणी पडते. काश्मीरचा नून चहा आणि लडाखची लोणी-मिठाची गुरगुर ही पेयेही याच कुळातली.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतला हे कोणाला सांगितले तर ऐकणारा क्षणभर थबकेल. कर्जत, राशीन, मिरजगाव ही सगळी चहाची गावे. एस.टी. स्टँडपासून बाजारतळापर्यंत माणसाची विचारपूस होते ती चहाने. कॉफी येते ती पुडीतून, दुधात विरघळून, एखाद्या पाहुण्यासाठी किंवा रात्री जागून अभ्यास करणाऱ्या मुलासाठी. तिच्यात मीठ घालायची कल्पना इथे विचित्रच वाटेल. पण ज्या घरात ती विचित्र वाटेल, त्याच घरात कारल्याचे काप मीठ चोळून ताटलीत झाकून ठेवलेले असतात. कडू आणि मीठ यांची गाठ घालून देणे हे इथल्या स्वयंपाकघराचे फार जुने काम आहे. कॉफी त्या घरात उशिरा आली, इतकेच.

कारल्याला मीठ लावले की दोन वेगवेगळ्या गोष्टी घडतात आणि त्या एकच समजल्या जातात. पहिली ताटलीत घडते. मिठामुळे कापांमधले पाणी बाहेर ओढले जाते, तासाभरात ताटलीत हिरवट पाणी साचते, आणि ते पिळून टाकले की कडू द्रव्यांचा काही भाग त्याच्याबरोबर जातो. काही घरांत हे पाणी टाकणे पटत नाही. पिळले की कारल्याचे सत्त्व जाते असे तिथली जाणती बाई सांगते, आणि तिचे म्हणणे अगदीच निराधार नाही, कारण पाण्यात विरघळणारे बरेच काही त्या पिळण्यात जाते. दुसरी गोष्ट तोंडात घडते. पिळून झाल्यावरही कापांना मीठ उरतेच. ते मीठ कारल्यातला कडूपणा कमी करत नाही, तो जाणवण्याची जिभेची ताकद कमी करते. म्हणून न पिळता, नुसत्या मिठा-तिखटात कुरकुरीत परतलेल्या काचऱ्याही पुष्कळांना सोसतात. पुढे चिंच, गूळ आणि शेंगदाण्याचा कूट येतो. पण तोपर्यंत मिठाने वाट मोकळी करून दिलेली असते.

कारले तुपात तळले आणि साखरेत घोळले तरी कडू ते कडूच, असे मराठीत म्हणतात. म्हण माणसाच्या स्वभावाबद्दल आहे, पाककृतीबद्दल नाही. तरीही तिच्यात तूप आहे, साखर आहे आणि मीठ नाही, ही नोंद घेण्यासारखी बाब आहे. साखर आणि मीठ दोन्ही कडूवर चालतात, पण त्यांची जागा वेगळी. 1985 मध्ये क्रोझ आणि लिंडा बार्टोशुक या संशोधकांनी माणसाच्या जिभेचे डावे-उजवे असे दोन भाग मानून प्रयोग केले. एका बाजूला कडू द्रावण आणि दुसऱ्या बाजूला दुसरी चव ठेवली, म्हणजे दोन्ही द्रावणे जिभेवर एकमेकांना भेटत नाहीत; भेटतात ती मेंदूत. गोड चव अशी लांबून दिली तरी कडूपणा उतरे. म्हणजे साखरेचे काम मुख्यतः मेंदूत चालते. तिथे दोन संवेदना समोरासमोर येतात आणि एक दुसरीला दाबते. मिठाचा परिणाम मात्र मुख्यतः तेव्हाच दिसे, जेव्हा ते कडू पदार्थाबरोबर जिभेच्या त्याच जागी असे. मिठाचे काम उगमाशीच होते. कडूपणाची खबर जिभेवरून निघण्याआधीच ती क्षीण होते.

जिभेबद्दलचा एक जुना गैरसमज इथे दूर करायला हवा, कारण तो अनेक पिढ्यांनी शाळेच्या पुस्तकातल्या चित्रातून शिकलेला आहे. टोकाला गोड, कडांना खारट-आंबट आणि मागे कडू, असा जिभेचा नकाशा त्या चित्रात असे. 1901 मधल्या एका जर्मन अभ्यासात जिभेच्या निरनिराळ्या भागांत आढळलेले अगदी किरकोळ फरक पुढे फुगवून मांडले गेले आणि त्यातून तो नकाशा तयार झाला. प्रत्यक्षात जिभेच्या प्रत्येक संवेदनशील भागाला सगळ्या चवी कळतात. घशाजवळ कडूपणा अधिक रेंगाळल्यासारखा वाटतो, पण तो तेवढाच तिथला नव्हे.

कडूची व्यवस्था मात्र इतर चवींहून खरोखरच निराळी आहे. गोडासाठी एकच मुख्य ग्राहक-जोडी पुरते. कडूसाठी माणसाच्या शरीरात सुमारे 25 प्रकारची ग्राहक-प्रथिने आहेत. त्यांचा शोध 2000 साली लागला. कारण उघड आहे. गोड पदार्थ म्हणजे अन्न, आणि अन्नाच्या रासायनिक रचना थोड्या. विष मात्र शेकडो रूपांत येते, आणि वनस्पतींनी तयार केलेली बहुतेक विषे कडू असतात. ही इतकी राखण ठेवूनही जीभ त्या 25 जणांची तक्रार वेगवेगळी ऐकत नाही. कडूच्या एकेका पेशीवर अनेक प्रकारचे ग्राहक दाटीने असतात आणि सगळ्यांची बातमी एकच जाते: कडू. म्हणून कारले, कडुलिंब, कॉफी आणि काडेचिराईत ही रसायनाने एकमेकांना अनोळखी असूनही चवीने भावंडे वाटतात. जिभेची तीक्ष्णताही इथे सर्वाधिक. लिटरभर पाण्यात साखर कळायला काही ग्रॅम लागते. क्विनीन काही मिलिग्रॅमही पुरते. जुन्या माणसांच्या बोलण्यातले कोयनेल ते हेच. हिवतापाच्या दिवसांत ते घेतलेल्यांनी त्याची चव पुढच्या पिढ्यांना शब्दांनीच देऊन ठेवली.

तान्हे मूल कडूला जन्मापासून तोंड वाकडे करते. मिठाची आवड मात्र जन्मतः नसते. ती चारेक महिन्यांनंतर दिसू लागते. अंगावरचे दूध तोडायचे असेल तेव्हा कडुलिंबाचा पाला वाटून लावण्याची रीत गावागावांत होती. कडूपणाचा इतका हळवा आणि इतका कठोर उपयोग दुसरा क्वचितच सापडेल.

कर्जत तालुका कडूच्या अभ्यासाला योग्य जागा आहे. हा पर्जन्यछायेतला मुलूख; वर्षाचा पाऊस सरासरी 500-600 मिलिमीटरच्या आसपास, तोही भरवशाचा नाही. दक्षिणेला भीमा आणि तिच्यावरच्या उजनीचे फुगवट्याचे पाणी, एका अंगाला सीना, कुकडीच्या कालव्याचे आवर्तन आले तर आले. भीमाकाठी ऊस उभा असतो, पण वरच्या माळावर ज्वारी, तूर, हुलगा आणि बांधावर कडुलिंब. रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य 1980 साली झाले ते याच कोरड्या गवताळ माळावर. पाणी कमी पडले की काही झाडे जास्त कडू होतात. काकडीच्या कुळात कुकुरबिटॅसिन नावाची कडू द्रव्ये असतात. लागवडीच्या वाणांत ती निवडीने कमी केलेली आहेत, पण उन्हाचा आणि तहानेचा ताण बसला की ती पुन्हा डोके वर काढतात. बाजरीच्या शेतातले वाळूक एका वेलावर गोड आणि दुसऱ्यावर कडूजहर निघते, त्यात अशा ताणाचाही हात असतो, आणि रानटी वेलाशी झालेल्या संकराचाही. ही द्रव्ये देठाकडे आणि सालीखाली जास्त साठतात. काकडीचे टोक कापून तोच तुकडा मिठासकट कापावर घासायचा आणि फेस काढून टाकायचा, ही घरोघरची कृती. त्यातले खरे काम देठाचा भाग कापून टाकण्याने होते, आणि उरलेले काम खाताना लावलेल्या मिठाने.

इथेच मिठाची मर्यादा सुरू होते, आणि ती नीट सांगितली पाहिजे. मीठ कडूपणाची जाणीव कमी करते; कडू द्रव्य तिथेच राहते. कारल्याच्या बाबतीत याने बिघडत नाही, कारण कारले कडू असणे हीच त्याची रीत आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या ते पोटाला मानवलेले आहे. दुधी भोपळ्याचे तसे नाही. दुधी कडू लागला, याचा अर्थ त्यात कुकुरबिटॅसिन धोक्याच्या प्रमाणात आहे. 2010 मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस प्याल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने सांगितले की दुधीचा छोटा तुकडा आधी चाखावा आणि कडू लागला तर तो दुधी टाकूनच द्यावा. मीठ, लिंबू, पुदिना घालून असा रस पिण्याजोगा करणे म्हणजे राखणदाराचे तोंड दाबणे होय. दुधी किसण्याआधी त्याची चकती जिभेला लावून पाहणारी बाई तज्ज्ञ समितीच्या कितीतरी आधीपासून हेच करत आली आहे. वाळूक आणि काकडीलाही हाच नियम: किंचित कडवट असेल तर देठ कापून मीठ चालते, जहर कडू असेल तर ते जनावरालाही घालू नये.

कडू भोपळा मात्र त्याच्या कडूपणामुळेच उपयोगाला येतो. तो कोणी खात नाही. तो वेलावर पुरता जून होतो, वाळतो, आणि त्याच्या टणक कवचाचे तुंबे होतात. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेच्या खोऱ्यात पिकणारे मोठे भोपळे मिरजेला जातात आणि तिथे त्यांच्या सतारी व तंबोरे बनतात. मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरीला जाताना मिरजगाववरून कर्जत तालुक्यातून जाते, तेव्हा दिंडीतल्या विणेकऱ्याच्या गळ्यात भोपळ्याची वीणा असते.

कडू कमी झाले की गोड का वाढते, याचे उत्तर फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत पॉल ब्रेस्लिन आणि गॅरी ब्यूचँप यांनी शोधले. 1995 मध्ये त्यांनी दाखवले की सोडियम निरनिराळ्या कडू पदार्थांचा कडूपणा निरनिराळ्या प्रमाणात दाबतो. युरियाचा खूप, काहींचा जेमतेम. 1997 मध्ये त्यांनी कडू युरिया आणि साखर यांचे मिश्रण घेतले आणि त्यात सोडियम अॅसिटेट घातले. हा क्षार जवळजवळ खारट लागत नाही, त्यामुळे खारटपणाने चव बदलली असे म्हणायला जागा उरली नाही. कडूपणा उतरला आणि साखर न वाढवता गोडी वाढली. साखर आधीपासून होतीच, कडूपणाने तिला दाबून ठेवले होते. भजनात एकाचा टाळ फार जोरात वाजत असेल तर वीणा ऐकू येत नाही. टाळ हलका झाला की वीणा तीच असूनही कानाशी येते. स्वयंपाकात मीठ नेमके हेच करते. मिठाने चव येते असे म्हणतात, त्यात मिठाची स्वतःची चव थोडी आणि मोकळ्या झालेल्या इतर चवी पुष्कळ असतात. पुरणात, शिऱ्यात, बासुंदीतही मिठाचा एक कण टाकणाऱ्या हाताला हे ठाऊक असते.

आता कॉफी. तिचा कडूपणा म्हणजे कॅफिन, असा समज सर्वत्र आहे; प्रत्यक्षात कॅफिनचा वाटा फार तर दहा-पंधरा टक्के. बाकीचे बियांच्या भाजणीत घडते. कच्च्या हिरव्या बियांमध्ये क्लोरोजेनिक आम्ले असतात. मध्यम भाजणीत त्यांची लॅक्टोन होतात आणि त्यांचा कडूपणा सुखद असतो. भाजणी गडद केली की तीच पुढे फुटून फिनाइलइंडेन नावाची द्रव्ये तयार होतात आणि घशात टोचणारा, रेंगाळणारा कडूपणा येतो. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या थॉमस हॉफमन यांच्या गटाने 2007 मध्ये हे उलगडले. मीठ घालण्याची खरी गरज या करपट, स्वस्त, फार उकळलेल्या कॉफीलाच असते. नीट भाजलेल्या आणि नीट गाळलेल्या कॉफीत ते घालणे म्हणजे चांगल्या गोष्टीवर विनाकारण हात फिरवणे. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती मेळघाटातल्या चिखलदऱ्याला, तीही थोडीशी. बाकी बहुतेक कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूतून येते. भारतात पिकणाऱ्या कॉफीत जवळपास सत्तर टक्के रोबस्टा असते. तिच्यात अरेबिकाच्या दुप्पट कॅफिन आणि जास्त क्लोरोजेनिक आम्ल, आणि पुडीतली झटपट कॉफी बहुधा तिचीच. दूध तिचा कडूपणा आपल्या पद्धतीने कमी करते. दुधातली प्रथिने कॉफीतल्या द्रव्यांना धरून ठेवतात. म्हणून कर्जतच्या दुधाळ कॉफीला मीठ लागेलच असे नाही. काळ्या कॉफीला लागेल.

प्रमाण महत्त्वाचे आहे. 150 मिलिलिटरच्या कपाला सुमारे 0.1 ग्रॅम मीठ पुरते, म्हणजे दोन बोटांच्या चिमटीतलेही सगळे नाही. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि हा त्याचा पन्नासावा हिस्सा झाला. याच्या दुप्पट-तिप्पट गेले की मीठ स्वतःच बोलू लागते, आणि खारट कॉफी ही कडू कॉफीहून वाईट.

मग ज्या विहिरीचे पाणी मुळातच मचूळ आहे, त्या पाण्याची कॉफी आपोआप गोड लागावी. लिटरला 0.7 ग्रॅमच्या जवळपास मीठ, एवढाच तर हा हिशेब. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांसाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा पर्यायच नसेल तर 2000 पर्यंत सूट आहे. उन्हाळ्यात पातळी खोल गेल्यावर दुष्काळी भागातले बोअर या दोन आकड्यांच्या मधे सहज येतात. तरी त्या पाण्याची कॉफी गोड लागत नाही. काळ्या खडकातल्या पाण्यात सोडियमबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर असते. मॅग्नेशियमचे क्षार स्वतःच कडवट. बायकार्बोनेट कॉफीतले आम्ल मारून तिला सपक करते. चहावर तर अशा पाण्याने तवंग धरतो. दुष्काळात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीला पाण्याची चव किती प्रकारची असते हे कोणी शिकवावे लागत नाही. नदीचे, आडाचे, बोअरचे आणि टँकरचे पाणी तिथली माणसे घोटातच ओळखतात.

कडू सगळ्यांना सारखे लागत नाही. 1931 मध्ये अमेरिकेतल्या एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स फिनाइलथायोकार्बमाइड नावाची पूड बाटलीत भरत होता आणि ती हवेत उडाली. शेजारी काम करणाऱ्याच्या तोंडात कडू चव पसरली; फॉक्सला काहीच लागले नाही. दोघांनीही पूड चाखून पाहिली आणि दोघेही खरे बोलत होते. जगात साधारण चारांतल्या एकाला ही पूड बेचव लागते, आणि हा फरक आईबापांकडून येतो. त्याचे जनुक 2003 मध्ये सापडले. ज्यांना ती फार कडू लागते त्यांच्यातल्या पुष्कळांना कोबी-मोहरीच्या कुळातल्या भाज्याही जास्त कडवट वाटतात. घरातल्या एकाच भाजीवरून होणाऱ्या कुरबुरीत कधी कधी दोन्ही बाजू बरोबर असतात.

चैत्रात कर्जतचे कडुलिंब नव्या तांबूस पालवीने आणि पांढऱ्या मोहराने भरतात. पाडव्याला सकाळी, तोंडात दुसरे काही जाण्याआधी, त्या पालवीची आणि फुलांची चटणी खातात. तिच्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, चिंच, जिरे, ओवा, हिंग, मिरे आणि मीठ. कडुलिंबाच्या कडू द्रव्यांपैकी निंबिन 1942 मध्ये सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी वेगळे काढले. त्याच्या आधी कित्येक शतके ही चटणी वाटली जात होती. ती वाटणाऱ्यांनी कडूवर मिठाने जिभेशी, गुळाने मेंदूशी आणि हिंग-ओव्याच्या वासाने नाकाशी, असे तिन्हीकडून काम केले आहे. तरी ती कडूच लागते, आणि तशीच लागावी म्हणून ती केलेली आहे. कडूपणा पुसून टाकायचा असता तर पालाच घातला नसता. त्याच पाल्याच्या फांद्या टंचाईच्या दिवसांत शेळ्यांसमोर टाकल्या की त्या मिठा-गुळावाचून ओरबाडून खातात. झुडपे खाऊन जगणाऱ्या शेळीला गाय-मेंढीपेक्षा कडू अधिक सोसते.

माणसांत हे सोसणे घराघरात आणि ताटाताटांत बदलते. एखाद्या घरी म्हातारा चटणी बाजूला ठेवून नुसती पालवी चघळतो, सून डाळ-गूळ जास्त असलेला घास निवडते आणि नातू वाटाण्याएवढी गोळी पाण्याबरोबर गिळून टाकतो. म्हाताऱ्याची जीभ वयाने बोथट झालेली असेल, त्याच्या आईबापांकडून त्याला कमी कडू लागण्याचा वारसा आला असेल, किंवा साठ-सत्तर पाडव्यांच्या सवयीने ती चव त्याला आवडू लागली असेल. नातवाला दहा वर्षांनी परीक्षेच्या रात्री काळी कॉफी आवडू लागली, तर तिथेही हीच तीन कारणे एकमेकांत मिसळलेली असतील.